नेटवर्क कंट्रोलरला बदलापुरतंच काम कसं करायला लावायचं: ओव्हीएनच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने

हजारो पोर्ट असलेल्या क्लस्टरमध्ये एक नवी व्हर्च्युअल मशीन सुरू होते आणि प्रत्येक नोडवरचा कंट्रोलर एक अख्खा कोर खाऊन बसतो. बदल एका ओळीचा असतो, पण कंट्रोलर संपूर्ण नेटवर्क पहिल्यापासून मोजतो. यावर बहुतेक टीम आधी कॅश लावतात, मग घाईघाईने चार-पाच हँडलर (एखाद्या बदलापुरतंच काम करणारी फंक्शनं) लिहितात. वेग वाढतो. काही आठवड्यांनी कळतं की काढून टाकलेल्या पोर्टचे फ्लो (पॅकेटचं काय करायचं ते सांगणारे नियम) स्विचमध्ये तसेच आहेत आणि बंद केलेला ट्रॅफिक वाहतो आहे. हळू कंट्रोलर त्रास देतो, चुकीचा कंट्रोलर मात्र सुरक्षेला भोक पाडतो. त्यामुळे या लेखात सगळा भर कामाच्या क्रमावर आहे.

उदाहरण म्हणून ओव्हीएन (ओपन व्हर्च्युअल नेटवर्क, व्हर्च्युअल नेटवर्क उभारणारी मुक्त स्रोत प्रणाली) घेतलं आहे, कारण त्याच्या नोडवरच्या कंट्रोलरमध्ये या कामाचे जवळपास सगळे पेच दिसतात. रचना थोडक्यात अशी: वापरकर्त्याला हवं ते नेटवर्क नॉर्थबाउंड डेटाबेसमध्ये लिहिलं जातं. नॉर्थडी नावाचा प्रोग्राम ते लॉजिकल फ्लोमध्ये (प्रत्यक्ष नोडपासून स्वतंत्र नियमांमध्ये) उतरवून साउथबाउंड डेटाबेसमध्ये ठेवतो. प्रत्येक हायपरव्हायजरवरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या नोडवरचा) ओव्हीएन-कंट्रोलर ते वाचून ओपनफ्लो, म्हणजे स्विचला समजणारे फ्लो, तयार करतो आणि स्थानिक ओपन व्हीस्विच (ओव्हीएस) या सॉफ्टवेअर स्विचमध्ये बसवतो. तुमचा कंट्रोलर वेगळा असला, अगदी कुबरनेटिसच्या इन्फॉर्मरवर (बदलांची खबर देणाऱ्या लायब्ररीवर) बांधलेला असला, तरी टप्पे हेच आणि क्रमही हाच.

## टप्पा १: आधी मोजा, तेही बदल चालू असताना

शांत सिस्टिमवर सीपीयू बघून काहीच कळत नाही. मोजायच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, बदल लिहिल्यापासून तो सगळ्या नोडवर बसेपर्यंतचा पूर्ण वेळ. ओव्हीएनमध्ये यासाठी एनबी-सीएफजी नावाचा क्रमांक आहे. तो नॉर्थबाउंडमध्ये वाढवला की साउथबाउंडमध्ये उतरतो, प्रत्येक नोड आपापलं काम संपवून तो क्रमांक परत लिहितो आणि सगळ्यात मागे राहिलेल्या नोडवरून एकूण वेळ ठरतो. तुमच्या कंट्रोलरमध्ये असा क्रमांक नसेल तर बाकी काही करण्याआधी तो घाला. दुसरी, मुख्य लूपच्या एका फेरीचा वेळ. एक सेकंदापेक्षा लांब फेरी झाली की ओव्हीएस आणि ओव्हीएनचे प्रोसेस लॉगमध्ये स्वतःहून इशारा देतात. तिसरी, पूर्ण पुनर्गणना किती वेळा झाली आणि बदलापुरतं काम किती वेळा झालं.

मग एक साधी चाचणी घ्या. ठरावीक आकाराच्या नेटवर्कमध्ये एक पोर्ट जोडा आणि वेळ नोंदवा. नेटवर्क दुप्पट करा आणि पुन्हा एकच पोर्ट जोडा. वेळही साधारण दुप्पट झाला, तर कंट्रोलर बदल बघत नाही, सगळं मोजतो आहे.

याच टप्प्यावर कंट्रोलर विनाकारण जागा होतो का, याकडेही बघा, कारण तिथे हँडलर न लिहिता फायदा मिळतो. ओव्हीएनमध्ये पूर्वी प्रत्येक नोड आपला एनबी-सीएफजी चॅसिसच्या (म्हणजे नोडच्या नोंदींच्या) सामायिक टेबलमध्ये लिहीत असे आणि तेच टेबल बाकी सगळे नोड ऐकत असत. शंभर नोडनी एकेकदा लिहिलं की शंभर जणांना शंभर सूचना, म्हणजे दहा हजार. त्यावर उपाय म्हणून ही माहिती चॅसिस-प्रायव्हेट नावाच्या वेगळ्या टेबलमध्ये नेली. तुमच्याकडेही कंट्रोलर स्वतः जे लिहितो तेच त्याच्याकडे इनपुट होऊन परत येतं का, हे शोधा. बहुतेक ठिकाणी असं एखादं तरी सापडतं.

तपासणी: पुढे जाण्याआधी हाताशी तीन आकडे हवेत: पूर्ण वेळ, फेरीचा वेळ आणि पुनर्गणनांची संख्या. प्रत्येक पुढच्या टप्प्यानंतर हेच आकडे पुन्हा घ्यायचे आहेत.

## टप्पा २: पूर्ण पुनर्गणना शुद्ध करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढचे निम्मे बग इथूनच निघतात.

पूर्ण पुनर्गणना म्हणजे रिकाम्या पाटीवरून, फक्त इनपुट वाचून, संपूर्ण अपेक्षित स्थिती काढणारं फंक्शन. पुढे तुम्ही काहीही केलंत तरी खरं उत्तर हेच फंक्शन देणार आहे. म्हणून त्याच्यात लपलेलं इनपुट राहता कामा नये. एक यादी करा आणि कोड ओळीओळीने वाचून ती भरा. डेटाबेसची टेबलं सगळ्यांना आठवतात. सुटतात ती ही:

- स्थानिक स्विचने इंटरफेसला दिलेला ओपनफ्लो पोर्ट क्रमांक
- स्विचशी जोडणी आहे की तुटली आहे
- नोडच्या स्थानिक कॉन्फिगरेशनमधले पर्याय
- ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली मागच्या फेरीची उरलीसुरली माहिती
- घड्याळ, म्हणजे ठरावीक वेळाने मुदत संपणाऱ्या नोंदी

यांपैकी प्रत्येक गोष्ट फंक्शनला उघडपणे इनपुट म्हणून द्या. ओव्हीएनच्या इंजिनचा (बदलापुरतं काम करवणाऱ्या यंत्रणेचा) नियमही हाच आहे: प्रत्येक गाठीने, म्हणजे गणनेच्या प्रत्येक भागाने, फक्त जाहीर केलेल्या इनपुटांमधलाच डेटा वापरायचा. ग्लोबलमधून हळूच काही वाचलं, तर ते बदलल्याचं इंजिनला कळणारच नाही.

सावधान: पुनर्गणना दोनदा लागोपाठ चालवली आणि उत्तर वेगळं आलं, तर इथेच थांबा. ते कारण सापडेपर्यंत पुढचं काही करू नका.

## टप्पा ३: अवलंबनाचा आलेख काढा

आता एका मोठ्या फंक्शनच्या गाठी पाडा. एका टोकाला कच्ची इनपुटं: पोर्ट बाइंडिंग (कोणता पोर्ट कोणत्या नोडवर), लॉजिकल फ्लो, अ‍ॅड्रेस सेट (पत्त्यांचा संच), पोर्ट ग्रुप (पोर्टांचा गट), स्थानिक इंटरफेस. मधे काढलेली माहिती: या नोडवर कोणते पोर्ट आहेत, कोणते डेटापाथ (लॉजिकल स्विच किंवा राउटर) इथे लागू आहेत. शेवटी फ्लो.

गाठी किती पाडायच्या? ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात त्या वेगळ्या ठेवा, एवढं पुरतं. ओव्हीएन-कंट्रोलरमध्ये सुरुवातीला फ्लोची एकच गाठ होती. नंतर ती दोन झाली: लॉजिकल फ्लोपासून बनणारे फ्लो एकीकडे, टनेल आणि प्रत्यक्ष पोर्टांशी जोडलेले फ्लो दुसरीकडे. त्यामुळे एका बाजूला पुनर्गणना करावी लागली तरी दुसऱ्या बाजूचं काम वाचतं. उलट, प्रत्येक टेबलाला चार गाठी पाडल्या तर कडा (गाठींना जोडणारे दुवे) इतक्या वाढतात की कोणती कडा कशासाठी होती हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक गाठीला तीन अवस्था पुरतात: शिळी, बदललेली, न बदललेली. आलेखात फेरे असू नयेत आणि क्रम इनपुटाकडून फ्लोकडे असावा. सुरुवातीला एकाही कडेला हँडलर देऊ नका. हँडलर नाही म्हणजे ते इनपुट बदललं की गाठीची पूर्ण पुनर्गणना. आलेख असा चालवलात की वेग आधीइतकाच राहील आणि उत्तर बरोबर येईल.

## टप्पा ४: बदल नेमके काय मिळतात ते समजून घ्या

ओव्हीएनचे डेटाबेस ओव्हीएसडीबीवर चालतात. ओव्हीएसडीबीची क्लायंट लायब्ररी डेटाबेसची प्रत मेमरीत ठेवते आणि कोणत्या ओळी नव्या, कोणत्या बदललेल्या, कोणत्या काढलेल्या हे सांगते. कुबरनेटिसचा इन्फॉर्मरही साधारण हेच करतो. तरी तीन सवयी इथेच लावून घ्या.

एक: बदललेल्या ओळीची जुनी किंमत हातात असेलच असं गृहीत धरू नका. ओव्हीएसडीबीच्या प्रतीत अद्ययावत ओळीची नवी किंमतच दिसते. पोर्टचं नाव बदललं तर जुन्या नावाखाली काय काय बांधलं होतं हे तुम्हालाच नोंदवून ठेवावं लागतं. ही नोंद ओळीच्या यूयूआयडीवर (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकावर) ठेवा. नावावर ठेवली तर नाव बदलताच ती अनाथ होते.

दोन: मधल्या अवस्था येतीलच असं नाही. दोन फेऱ्यांच्या मधे एक ओळ पाच वेळा बदलली तर शेवटचीच दिसेल. हँडलर “काय घडलं” यावर न बेतता “आता काय आहे आणि मी आधी काय बांधलं होतं” यावर बेता.

तीन: जोडणी तुटून परत आल्यावर मधले बदल मिळतीलच याची खात्री नसते. सर्व्हरकडे तेवढा इतिहास शिल्लक नसेल तर सगळा डेटा नव्याने येतो. कुबरनेटिसमध्ये हेच ४१० या उत्तराने कळतं आणि पुन्हा पूर्ण यादी मागवावी लागते. अशा वेळी शहाणपणा न करता थेट पूर्ण पुनर्गणना करा.

सावधान: इन्फॉर्मरच्या कॅशमधून मिळालेला ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलू नका. आधी प्रत काढा. तो ऑब्जेक्ट बाकीचे हँडलरही वाचत असतात.

## टप्पा ५: हँडलर एकेक करून लिहा

आता टप्पा १ मधले आकडे उघडा. सर्वात जास्त पुनर्गणना कोणत्या इनपुटामुळे होतात? त्या एकाच कडेला हँडलर लिहा, तपासा, मग पुढची घ्या. ओव्हीएनमध्ये हे लॉगवरून कळतं. डीबग पातळीवर इंजिन सांगतं की अमुक गाठीची पुनर्गणना अमुक इनपुटाला हँडलर नसल्यामुळे झाली, किंवा हँडलर होता पण त्याने हात टेकले म्हणून झाली. तुमच्या कंट्रोलरमध्येही ही दोन कारणं वेगवेगळी लिहा. त्यांचे उपाय वेगळे आहेत.

हँडलरला नकार देता आला पाहिजे. बदल समजला नाही, अवघड वाटला, क्वचित घडणारा आहे, तर “मला जमत नाही” असं परत पाठवायचं आणि इंजिनने पुनर्गणना करायची. रोज हजारदा घडणाऱ्या साध्या बदलाला हँडलरने सांभाळावं. महिन्यातून एकदा घडणाऱ्या किचकट बदलासाठी दोनशे ओळी लिहू नयेत. नवे लोक इथे फुशारकीने सगळंच सांभाळायला जातात, आणि नेमक्या त्या दोनशे ओळींची कधी नीट चाचणी होत नाही.

रिकाम्या हँडलरचा सापळा. काही कडा फक्त डेटा वाचता यावा म्हणून असतात. त्या इनपुटाचा बदल दुसऱ्या कडेने आधीच सांभाळलेला असतो. तिथे काहीच न करणारा हँडलर देता येतो आणि ओव्हीएनच्या इंजिनमध्ये त्याची सोय आहे. पण पुनर्गणनांची संख्या खाली आणण्यासाठी कुणी तो भलत्या कडेला लावला तर बदल शांतपणे गिळला जातो. असा प्रत्येक हँडलर रिव्ह्यूमध्ये अडवा. तो बदल दुसरीकडे नेमका कुठे सांभाळला जातो, हे कॉमेंटमध्ये लिहिलेलं असल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

आधी काढणं, मग घालणं. एकाच फेरीत जुनी ओळ गेली आणि तसाच फ्लो देणारी नवी ओळ आली, असं सतत होतं. आधी नवा घालून मग जुना काढलात तर नव्याचाच फ्लो उडतो. सर्व काढण्या संपल्यावरच भर घाला.

उलटसुलट दोन्ही नकाशे ठेवा. अ‍ॅड्रेस सेट बदलला तर त्याचा उल्लेख करणारे लॉजिकल फ्लो कोणते, हे लगेच सापडायला हवं. लॉजिकल फ्लो काढला तर त्याने कोणकोणते अ‍ॅड्रेस सेट, पोर्ट ग्रुप, पोर्ट वापरले होते तेही सापडायला हवं, नाहीतर पहिल्या नकाशात मेलेल्या नोंदी साठत जातात. यात एक बारकी चूक फार होते: जे नाव अजून अस्तित्वातच नाही त्याचाही उल्लेख नोंदवावा लागतो. फ्लोमध्ये उल्लेखलेला पोर्ट ग्रुप उद्या तयार झाला, तर तो फ्लो पुन्हा मोजायचा आहे हे कळणार कसं?

एक फ्लो, अनेक मालक. हा या विषयातला सर्वात खोल खड्डा आहे. दोन वेगळ्या लॉजिकल फ्लोंपासून हुबेहूब एकच ओपनफ्लो तयार होऊ शकतो. स्विचमध्ये तो एकदाच बसतो. पहिला लॉजिकल फ्लो काढला म्हणून तो ओपनफ्लो उडवलात तर दुसऱ्याचा ट्रॅफिक थांबतो. म्हणून ओव्हीएन-कंट्रोलर हवे असलेले फ्लो आणि बसवलेले फ्लो वेगळे ठेवतो. एका बसवलेल्या फ्लोला अनेक हवे असलेले फ्लो जोडता येतात, आणि शेवटचा मालक गेल्यावरच तो स्विचमधून निघतो.

कंजंक्शनमध्ये हे आणखी गुंतागुंतीचं होतं. ओपनफ्लोमध्ये दोन संचांचा गुणाकार टाळण्यासाठी कंजंक्शन वापरतात: शंभर स्रोत आणि पन्नास गंतव्यांना पाच हजार फ्लोंऐवजी साधारण दीडशे लागतात. पण वेगवेगळ्या नियमांची कंजंक्शनं एकाच मॅचवर (फ्लो कोणत्या पॅकेटला लागू ते सांगणाऱ्या अटीवर) आली की ती एका फ्लोत एकत्र करावी लागतात. मग त्यातला एक नियम काढताना एकत्र केलेला फ्लो मोडतो आणि बाकीचे भागीदारही बिघडतात. ओव्हीएनचा मार्ग असा: तो फ्लो वाटून घेणारे सगळे लॉजिकल फ्लो साखळीने शोधायचे, त्या सगळ्यांचे ओपनफ्लो काढायचे, मग जे शिल्लक राहायचे आहेत ते पुन्हा मोजायचे. काम थोडं जास्त होतं, पण उत्तर चुकत नाही. तुमच्याकडे सामायिक फ्लो, ग्रुप किंवा मीटर असतील तर ही साखळी पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरा. मागाहून घालणं फार कठीण जातं.

लिहिता येत नाही अशी वेळ. आधीचा ट्रॅन्झॅक्शन सर्व्हरकडून पक्का व्हायचा असेल तर त्या फेरीत डेटाबेसमध्ये काही लिहिता येत नाही. हँडलरला काही लिहायचं असेल तर त्याने अर्धं काम करून “झालं” म्हणू नये. ओव्हीएनचं इंजिन अशी फेरी रद्द करून पुढच्या वेळी पुनर्गणना करू शकतं आणि आकडेवारीत ती रद्द म्हणून वेगळी दाखवतं. हा आकडा सतत वाढत असेल तर हँडलर वाचणं आणि लिहिणं यांची सरमिसळ करताहेत.

तपासणी: प्रत्येक हँडलरनंतर टप्पा १ ची चाचणी पुन्हा घ्या. नेटवर्क दुप्पट केल्यावरही एका पोर्टला लागणारा वेळ फारसा न वाढणं, हीच यशाची खूण.

## टप्पा ६: आता कॅश

इथपर्यंत येऊनही पुनर्गणना पूर्ण संपत नाही. नकार दिलेले बदल राहतात, जोडण्या तुटतात. कॅशचं काम ती उरलेली पुनर्गणना स्वस्त करणं. कॅश आधी लावली तर मोजमाप फसवं होतं: पुनर्गणना जलद दिसते, म्हणून ती होतेच आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

काय साठवायचं? महाग आणि स्थिर असेल ते. ओव्हीएनमध्ये लॉजिकल फ्लोचा मॅच वाचून त्याचं एक्स्प्रेशन बनवणं आणि ते सुटसुटीत करणं महाग आहे. त्यासाठी वेगवेगळ्या पातळ्यांची कॅश आहे: कुठे एक्स्प्रेशन, कुठे थेट तयार मॅच. एखादा फ्लो अमुक पोर्ट याच नोडवर आहे का यावर अवलंबून असेल, तर तयार मॅच साठवणं धोक्याचं आहे, कारण पोर्ट उद्या हलेल. तिथे एक्स्प्रेशनपर्यंतच थांबतात आणि शेवटची पायरी दरवेळी करतात. म्हणून प्रत्येक साठवलेल्या उत्तराला एकच प्रश्न विचारा: ही ओळ न बदलताही हे उत्तर चुकीचं ठरू शकतं का? ठरू शकत असेल तर एक पायरी अलीकडचं साठवा.

मूळ ओळीत कोणताही बदल आला की आधी कॅशमधली नोंद फेका, मग मोजायला घ्या.

मेमरीची मर्यादा सुरुवातीलाच घाला, नोंदींच्या संख्येवर आणि किलोबाइटवरही. दोन्ही मर्यादा ओव्हीएनमध्ये नोडच्या कॉन्फिगरेशनमधून देता येतात आणि कॅश पूर्ण बंदही करता येते. आणखी एक: नोंदी मोकळ्या केल्या म्हणून प्रोसेसची मेमरी लगेच कमी होत नाही. ग्लिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) ती स्वतःकडे राखून ठेवते. म्हणून कॅश बरीच आकसली की ओव्हीएन-कंट्रोलर मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला परत करण्याची विनंती मुद्दाम करतो. कॅश रिकामी करूनही मेमरीचा आकडा हलत नाही म्हणून गळतीच्या शोधात रात्री घालवण्याआधी हे बघा.

मेमरीचा दुसरा निर्णय नोडने किती डेटा ऐकायचा याचा. फक्त आपल्याला लागणाऱ्या ओळी मागितल्या तर नोडची मेमरी वाचते, पण प्रत्येकाच्या अटी तपासण्याचा भार मध्यवर्ती सर्व्हरवर पडतो. सगळंच ऐकलं तर उलटं होतं. ओव्हीएनमध्ये हा पर्याय नोडगणिक निवडता येतो. नोड मोजके आणि डेटापाथ बहुतेक सगळीकडे पसरलेले असतील तर सगळं ऐकणं बरं. नोड शेकड्यांनी आणि प्रत्येकावर थोडेच डेटापाथ असतील तर दोन्ही बाजू मोजून ठरवा.

## टप्पा ७: पडताळणी

पडताळणीचं तत्त्व एकच: बदलापुरतं काम करून आलेली स्थिती आणि पूर्ण पुनर्गणना करून आलेली स्थिती सारखीच असली पाहिजे.

चालत्या नोडवर असं करा. फ्लो फाइलमध्ये उतरवून घ्या. “इंक-इंजिन/रीकम्प्युट” या कमांडने सक्तीची पुनर्गणना करवा. फ्लो पुन्हा उतरवा आणि तुलना करा. पॅकेट, बाइट आणि वयाचे आकडे आधी गाळून टाका, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी दिसेल. कंजंक्शनचे क्रमांक बदललेले असू शकतात, तेही बाजूला ठेवून बघा. पुनर्गणनेनंतर एखादा फ्लो नाहीसा झाला तर तुमचा हँडलर काढायला विसरला. नवा दिसला तर घालायला विसरला.

ही तुलना टेस्टमध्ये घाला, हाताने करायची म्हणून सोडू नका. ओव्हीएनच्या नॉर्थडीच्या टेस्टमध्ये पुनर्गणनेनंतर काहीच बदललं नाही ना, हे तपासणारा मॅक्रो आहे. तसाच लिहा आणि प्रत्येक टेस्टच्या शेवटी बोलवा. त्याच्या जोडीला यादृच्छिक क्रमाची टेस्ट हवी: पोर्ट, ग्रुप, नियम कोणत्याही क्रमाने घाला, काढा, नाव बदला, आणि प्रत्येक पावलावर तुलना करा. माणूस आधी ग्रुप, मग पोर्ट, मग नियम अशा शहाण्या क्रमाने टेस्ट लिहितो. बग उलट क्रमात असतात.

सावधान: “दर तासाला एकदा सक्तीची पुनर्गणना करू म्हणजे सगळं ताळ्यावर येईल” हा उपाय नाही. चुकीचे फ्लो तासभर राहतात आणि बग कायमचा झाकला जातो. कुबरनेटिसवाल्यांनी हेही ध्यानात घ्यावं की इन्फॉर्मरचा रीसिंक एपीआय सर्व्हरकडून काही नव्याने आणत नाही. तो कॅशमधलेच ऑब्जेक्ट हँडलरला पुन्हा दाखवतो. कॅशच चुकली असेल तर रीसिंकने ती सुधारत नाही.

## टप्पा ८: प्रॉडक्शनवर आणताना

रीस्टार्ट हा सर्वात वाईट क्षण, कारण कॅश रिकामी आणि सगळं नव्याने मोजायचं. सुरू होताच स्विचमधले जुने फ्लो पुसले आणि नवे तयार व्हायला वेळ लागला, तर मधल्या काळात ट्रॅफिक तुटतो. ओव्हीएनमध्ये जुने फ्लो पुसण्याआधी ठरावीक मिलिसेकंद थांबण्याचा पर्याय आहे. तो तुमच्या मोठ्या नोडवर पहिली पुनर्गणना संपायला प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त ठेवा. सगळे नोड एकदम रीस्टार्ट करू नका, नाहीतर साउथबाउंड सर्व्हरला सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण डेटा द्यावा लागेल.

त्यानंतर नजर ठेवायची ती “इंक-इंजिन/शो-स्टॅट्स” या आकडेवारीवर. प्रत्येक गाठीसमोर पुनर्गणना, बदलापुरतं काम आणि रद्द असे तीन आकडे येतात. सुरुवातीच्या काही पुनर्गणना सोडून द्या. आकडे शून्यावर आणा, मग दिवसभर नेहमीची कामं होऊ द्या: पोर्ट येणं-जाणं, नियम बदलणं, मशीन हलणं. संध्याकाळी फ्लोच्या गाठीसमोर पुनर्गणना वाढलेली दिसली, तर लॉगमध्ये तिचं कारण ठरलेलं इनपुट शोधा आणि टप्पा ५ वर परत जा. ओव्हीएनची आवृत्ती बदलली किंवा तुम्ही एखादं नवं वैशिष्ट्य सुरू केलं की हा दिवसभराचा प्रयोग पुन्हा करा. नव्या वैशिष्ट्यासोबत नवी टेबलं येतात आणि त्यांच्या कडेला बरेचदा हँडलर नसतो.